दर जानेवारीत परत येणारी काळी बुरशी : कॉर्फूच्या दगडी घरातली ओल कुठून येते?

तक्रार एकच आणि सलग तीन हिवाळे तीच. नोव्हेंबरचा पाऊस लागला की झोपायच्या खोलीत कुबट वास यायला लागतो. नाताळपर्यंत उत्तरेच्या कोपऱ्यात तिळाएवढे काळे ठिपके उमटतात. जानेवारीच्या मध्यावर कपाट पुढे ओढलं, की मागची भिंत तव्याच्या बुडासारखी झालेली असते. पुसा, रंगवा, पुढच्या जानेवारीत ती परत हजर. माझी लग्नातली पैठणी या भिंतीला टेकलेल्या पेटीत होती. तिच्या पदरावर ठिपके दिसले त्या दिवशी मी हे प्रकरण मनावर घेतलं.

आधी घर सांगते, कारण उपाय घरावर ठरतो. कॉर्फू म्हणजे ग्रीसच्या पश्चिमेचं बेट, ग्रीक लोक त्याला केर्किरा म्हणतात. आमचं गाव पांतोक्रातोर डोंगराच्या उतारावर आहे. समोर अरुंद समुद्र आणि पलीकडे अल्बेनियाचे बर्फ पडलेले डोंगर. नवरा बोटींच्या इंजिनांची कामं करतो म्हणून आम्ही इथे. घर भाड्याचं, दीडशे वर्षांचं तरी असावं. भिंती दोन फूट जाड, दगड-मातीच्या. वर कौलं, खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा. उन्हाळ्यात पाहुण्यांना हे घर इतकं आवडतं की जायला नको म्हणतात. त्यांनी एकदा जानेवारीत येऊन दाखवावं.

भूमध्य समुद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊन येतं. कॉर्फूत वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, अथेन्सच्या अडीचपटीहून जास्त, आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्चमध्ये. रत्नागिरीकडच्या माणसाला ११०० म्हणजे काहीच नाही. पण आपला पाऊस उबदार असतो. इथला पाऊस आठ-दहा अंशांत पडतो आणि माझी सगळी चूक तिथेच झाली.

पहिला हिवाळा : कौलांवर संशय

आईला व्हिडिओवर भिंत दाखवली. ती म्हणाली, "अगं, गळतंय कुठून ते बघ आधी." कोकणात वाढलेल्या कुणीही हेच म्हटलं असतं. भिंतीला ओल आली म्हणजे पाणी बाहेरून आलं. मे महिन्यात घर शाकारून घेतलं नाही, पागोळ्यांचं पाणी वळचणीखाली मुरलं, पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधली नाहीत, असलंच काहीतरी कारण असणार.

म्हणून आम्ही इथल्या मास्तोरासला, म्हणजे गवंड्याला बोलावलं. त्याने चार कौलं बदलली, पन्हळीतली ऑलिव्हची पानं काढली आणि जाताना भिंतीवर हात फिरवून एकच शब्द बोलला, "इग्रासिया." म्हणजे ओल. ती मलाही दिसत होती.

कौलांचं काम वाया गेलं असं नाही. पन्हळ तुंबलेलीच होती. पण बुरशीला काडीचाही फरक पडला नाही. गळतीची खूण वेगळी असते हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गळतीचा डाग पिवळट-तपकिरी असतो, त्याला कड असते, तो पावसानंतर काही तासांत गडद होतो आणि उघाडीनंतर फिका पडतो. आमच्या भिंतीवरचे ठिपके पाऊस थांबल्यावरही, कडाक्याच्या कोरड्या थंडीतही वाढत होते. पावसाशी वेळापत्रक जुळत नसेल तर छपराला दोष देऊ नका.

दुसरा हिवाळा : क्लोरीन आणि महागडा रंग

इथे कुठल्याही दुकानात "मूखला"वर, म्हणजे बुरशीवर, फवारायच्या बाटल्या मिळतात. बहुतेकांत क्लोरीनचं ब्लीच असतं. फवारलं की दहा मिनिटांत भिंत पांढरी आणि आपण खूश. पण ब्लीच रंग घालवतं. गिलाव्यासारख्या सच्छिद्र जागेत आत गेलेल्या तंतूंपर्यंत ते नीट पोचत नाही आणि त्यातलं पाणी मात्र भिंतीत मुरतं. त्यावर आम्ही बुरशीरोधक म्हणून मिळणारा प्लॅस्टिक रंग दोन हात दिला. सहा आठवडे भिंत चकाचक होती. मग रंगाला फुगे आले आणि फुग्यांच्या कडेने पुन्हा ठिपके.

एक इशारा इथेच देऊन ठेवते. ब्लीच मारलेल्या भिंतीवर व्हिनेगर मारू नका, ब्लीच आणि अमोनियावालं काचेचं क्लीनरही एकत्र करू नका. दोन्हींतून विषारी वायू निघतो. खिडक्या बंद असलेल्या हिवाळ्यातल्या खोलीत हे फार महागात पडेल.

तिसरा हिवाळा : चांदीचा कागद

शेवटी उत्तर मिळालं ते स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलने. ही चाचणी सगळ्यात आधी करा, गवंडी नंतर.

ठिपक्यांच्या शेजारची वीतभर-दीड वीत जागा कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेवढा फॉइलचा चौकोन कापून भिंतीवर सपाट लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवस तसाच राहू द्या. नंतर बघा पाणी कुठल्या बाजूला आहे. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर पाणी खोलीतल्या हवेतून येतंय. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असतील तर कंबर कसा, दोन दुखणी आहेत.

आमच्या फॉइलवर खोलीकडून दवाचे थेंब होते आणि मागची बाजू खडखडीत कोरडी. म्हणजे पाणी आमचंच होतं! तीन वर्षं मी आभाळाला नावं ठेवत होते.

मग दहा-बारा युरोंचं आर्द्रतामापक आणलं. सोबत भिंतीचं तापमान मोजायचं इन्फ्रारेड यंत्र शेजाऱ्यांकडून उसनं घेतलं. (कोविडच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक इथे उपयोगाची नाही, ती अंगाच्या तापापुरतीच असते.) आकडे असे आले : बैठकीत २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, झोपायच्या खोलीत १५ अंश आणि ८४ टक्के, कपाटामागची भिंत १२ अंश.

आता हिशेब बघा. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत साडेनऊच्या आसपास. आमच्या बैठकीतल्या हवेत सुमारे ११ ग्रॅम वाफ होती. ही हवा १३ अंशांपर्यंत गार झाली की तिला ती वाफ पेलवत नाही आणि दव पडायला लागतं. कपाटामागची भिंत १२ वर. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तेच हे. शिवाय बुरशीला दिसणारं पाणी लागतही नाही. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी तिचं भागतं.

कोकणात हे असं होत नाही, कारण पावसाळ्यात भिंत आणि हवा जवळजवळ सारख्याच उबेच्या असतात. तिथे ओल खरोखर बाहेरून येते. इथे आपण घरात ऊब आणि वाफ करतो आणि दोन फुटी दगड ती वाफ पकडून बसतो.

मग एवढं पाणी आणत कोण होतं?

पहिला गुन्हेगार गॅसचा हीटर. इथे खेडोपाडी असतो तसा, पोटात सिलिंडर असलेला आणि चाकांवर ढकलायचा. धुराडं नाही. गॅस जळला की नुसती ऊब होत नाही, पाणीही तयार होतं. एक किलो गॅसमागे साधारण दीड किलोहून थोडं जास्त. १० किलोचा सिलिंडर आम्हाला जानेवारीत दहा दिवस पुरायचा. म्हणजे रोज दीड लिटर पाणी वाफ करून आम्ही घरात सोडत होतो आणि वर पैसेही मोजत होतो. रॉकेलच्या बिनधुराड्याच्या हीटरचंही तेच.

दुसरा गुन्हेगार वाळत घातलेले कपडे. मशीनमधून निघालेल्या एका घाण्यात पिळल्यानंतरही दोन-तीन लिटर पाणी असतं. बाहेर पाऊस, म्हणून दांडी झोपायच्या खोलीत. मी स्वतः ती कपाटाशेजारी उभी करत होते.

तिसरा आपला लाडका कुकर. ग्रीक शेजारणींकडे भाजी-मांस ओव्हनमध्ये तासन्‌तास शिजतं. आमच्याकडे डाळ-भाताच्या शिट्ट्या, चहा, अंघोळीचं गरम पाणी. त्यात भर म्हणजे दोन माणसं रात्रभर दार लावून झोपली की नुसत्या श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं.

चौथा दोष मला सगळ्यात उशिरा कळला, आणि तो आमच्या चांगुलपणाचा होता. संध्याकाळी बैठकीत हीटर पेटला की "तिकडेही जरा ऊब जाऊ दे" म्हणून आम्ही झोपायच्या खोलीचं दार उघडं टाकायचो. ऊब फारशी जायचीच नाही, दगड ती गिळून टाकायचा. वाफ मात्र व्यवस्थित जायची आणि घरातल्या सगळ्यात थंड भिंतीवर बसायची. अर्धवट ऊब मिळालेली खोली बंद थंड खोलीपेक्षा वाईट.

काय बदललं

हीटर विकला. त्याच्याऐवजी जुनी सोबा, म्हणजे धुराड्याची लाकडाची शेगडी, दुरुस्त करून पेटवली. धुराड्याची शेगडी खोलीतली हवा ओढून वर फेकते आणि तिच्या जागी बाहेरची हवा आत येते. त्यामुळे तिच्यात जळणारं लाकूड घर कोरडं करतं. झोपायच्या खोलीत आत तेल भरलेला छोटा विजेचा रेडिएटर कमी आचेवर ठेवला. दोन तास धगधगतं तापवून बंद करण्यापेक्षा दिवसभर मंद ऊब बरी, कारण दगडाला तापायला दिवस लागतात. हवा मात्र पाच मिनिटांत तापते आणि आपल्याला फसवते.

कपड्यांची दांडी न्हाणीघरात गेली. तिथे पंखा चालू, दार बंद, आणि ओल शोषणारं यंत्र शेजारी. त्याबद्दल पुढे सांगेन. कुकरची शिटी व्हायच्या आधी खिडकीची एक झडप उघडायची आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं.

कपाट बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीला नेलं. ज्यांना जागा नाही त्यांनी निदान चार बोटं पुढे ओढावं आणि पायाखाली विटा द्याव्यात, म्हणजे मागे हवा खेळेल. गादी जमिनीवर टाकू नका, खाली फळ्यांची चौकट हवी. पैठणी आता आतल्या खोलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवली आहे.

खिडकी कधी उघडायची : यायांशी झालेला वाद

शेजारी ऐंशीच्या पुढच्या आजी आहेत. गावातली लहान मुलं त्यांना याया म्हणतात, म्हणजे आजी, आणि मीही. बाहेर पाऊस पडत असताना त्या सकाळी सगळ्या खिडक्या सताड उघडतात आणि मला ओरडतात, "अनिक्से!" उघड म्हणून. मला ते वेडेपणाचं वाटायचं. पावसात खिडकी उघडून घर कोरडं कसं होईल?

होतं. बाहेर ८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असली तरी त्या हवेत घनमीटरमागे जेमतेम साडेसात ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली उतरते. थंड हवा ओली दिसते, पण ती उपाशी असते. आत आली की वाफ खाते. मात्र समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडून दहा मिनिटंच, सकाळी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. दिवसभर बोटभर फट ठेवली तर हवा बदलत नाही, नुसती फटीजवळची भिंत गारठते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं.

पण यायांशी माझं एका बाबतीत पटत नाही आणि तिथे आकडे माझ्या बाजूने आहेत. सिरोको सुटतो तेव्हा. आग्नेयेकडून, समुद्रावरून येणारा हा उबदार, चिकट वारा. कधी कधी आफ्रिकेची लाल धूळ घेऊन येतो आणि गाड्यांवर चिखलाचे थेंब पडतात. जानेवारीत अचानक १८ अंश होतात, सगळे म्हणतात काय छान हवा आणि घरं उघडतात. त्या हवेत घनमीटरमागे १३-१४ ग्रॅम वाफ असते आणि आपल्या भिंती अजून १३ अंशांवर. ती हवा १६ अंशांनाच दव सोडते. आत घेतली की भिंतीच काय, फरशीसुद्धा पुसल्यासारखी ओली होते. म्हणून सिरोकोत खिडक्या बंद. उत्तरेचा वारा आला की उघडायच्या. बाहेरची हवा आपल्या भिंतीपेक्षा थंड असेल तर बिनधास्त उघडा, उबदार आणि दमट असेल तर थांबा.

जानेवारीच्या सुमाराला इथे काही दिवस वारा पडतो आणि लख्ख ऊन येतं. त्यांना अल्कियोनीदेस म्हणतात, खंड्या पक्ष्याचे दिवस. जुनी कथा अशी की अल्कियोनी खंड्या झाली आणि तिला अंडी उबवता यावीत म्हणून देवांनी वारे थांबवले. अशा दिवशी सगळ्या गावातल्या सज्जांवर गाद्या, गालिचे, गोधड्या लटकतात. मीही माझं वाळवण काढते. गोधडीबरोबर मऊ पडलेले पोह्याचे पापडही.

भिंत साफ करायची पद्धत

पाण्याचा बंदोबस्त आधी, सफाई नंतर. उलट केलं तर दुसऱ्या हिवाळ्यासारखं होतं. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. मास्क, चष्मा, हातमोजे घाला, दार बंद करा, खिडकी उघडा. थोड्या साबणाच्या पाण्याने ओलं फडकं फिरवून वरचा काळा थर काढा आणि ते फडकं फेकून द्या. मग औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून तसंच वाळू द्या. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, दुसऱ्याला सांगावं. हात-दोन हात लांबी-रुंदीपेक्षा मोठा पट्टा काळा झाला असेल तर गवंड्याला बोलवा, गिलावाच काढावा लागेल.

फुगलेला प्लॅस्टिक रंग आम्ही खरवडून काढला. दगड-मातीच्या भिंतीवर तो रंग म्हणजे रेनकोट घालून धावण्यासारखं. त्याच्या जागी चुन्याचे चार पातळ हात दिले. चुना इथे भिजवलेला, पिशव्यांत मिळतो. त्याला आस्वेस्तिस म्हणतात. दुधासारखा पातळ करायचा, भिंत आधी ओलसर करायची आणि एक हात वाळल्यावर दुसरा. लावताना पाण्यासारखा दिसतो, वाळताना पांढरा होतो, त्यामुळे घाईने जाड थर देऊ नका, तो सोलून निघतो. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी त्याच्यावर सहसा टिकत नाही आणि भिंतीतली वाफही तो अडवत नाही. डोळ्यांत उडाला तर मात्र इजा होते, म्हणून चष्मा हवाच. तोटाही सांगते, काळा शर्ट घालून भिंतीला टेकलात की पाठ पांढरी. नवऱ्याच्या सगळ्या शर्टांची ओळख आता त्यावरूनच पटते.

ओल शोषणारं यंत्र घ्यावं का?

घ्या, पण पहिल्या दिवशी नको. आधी वाफेचे स्रोत बंद करा, नाहीतर यंत्र आणि गॅसचा हीटर एकमेकांशी भांडत बसतात आणि दोघांचं बिल आपण भरतो. नेहमीची, कॉम्प्रेसरवाली यंत्रं १५ अंशांच्या खाली सुस्तावतात. गारठलेल्या खोलीसाठी आत ओल शोषणारं चाक असलेलं यंत्र बरं, ते थंडीतही ओढतं आणि थोडी ऊबही देतं, पण वीज जास्त खातं. आम्ही दुसऱ्या प्रकारचं घेतलं. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी दोन लिटरची टाकी भरलेली असायची. नंतर तीन दिवसांतून एकदा. आर्द्रता ५५ ते ६० टक्क्यांवर ठेवली की पुरे. ४० पर्यंत खाली आणलीत तर दारं आकसतात आणि तुमचे ओठ फुटतात.

ओल शोषणारे क्षार भरलेले छोटे डबे कपाटाच्या आत ठेवायला ठीक. खोलीसाठी त्यांची आशा धरू नका. मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे मात्र यायाही टाकतात आणि माझी आजीही टाकायची.

फॉइलची मागची बाजू ओली निघाली तर

हे आम्हाला खालच्या मजल्यावर भेटलं. इथल्या जुन्या घरांत माणसं वर राहायची. खालच्या मजल्याला कातोई म्हणतात. तिथे तेलाचे रांजण, वाइनची पिंपं, कधी गाढव. ओल त्यांना चालायची. आपण तिथे फरशी घालून लॅपटॉप ठेवतो आणि मग भिंत ओली का म्हणून विचारतो.

खालच्या ओलीची खूण अशी : जमिनीपासून कमरेपर्यंतच पट्टा, वर मळकट रेघ, आणि गिलाव्यावर मिठासारखी पांढरी बुरबुर. ती बुरशी नव्हे, भिंतीतून वर आलेले क्षार. जिभेला खारट लागतात (मी चाखून पाहिले, तुम्ही नका चाखू). ते कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलेत तर पुन्हा आत जातात. आमच्याकडे आधीच्या कुणीतरी तिथे कंबरभर सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंट आड आलं की पाणी वर चढून सिमेंटच्या वरून निघतं. मास्तोरासने तो गिलावा फोडला, सहा महिने दगड उघडा ठेवला आणि मग चुन्याचा गिलावा केला. बाहेरच्या बाजूला उताराची माती घराच्या फरशीपेक्षा हातभर वर आली होती. ती उकरून खडीचा चर काढला, म्हणजे डोंगराचं पाणी भिंतीला न लागता बाजूने जातं. खर्च मालकाने दिला. अथेन्सहून येऊन त्यांनी फॉइल पाहिला म्हणून, नाहीतर आमच्या डाळीच्या वाफेवरच ढकलणार होते.

शेगडीचं दोन शब्दांत

गावात सरपण म्हणजे ऑलिव्हचं. जड, आच टिकवणारं लाकूड, पण ओलं असेल तर निव्वळ धूर. फोडून, वरून झाकून, बाजूंनी उघडं ठेवून निदान एक वर्ष, जमल्यास दोन वर्षं वाळवा. ओलं सरपण शेगडीशेजारी रचून "वाळेल" म्हणालात तर ते पाणीही खोलीतच येतं. धुराड्याच्या सांध्यांतून तपकिरी, जळकट वासाचं पाणी ठिबकत असेल तर दोन कारणं असतात : ओलं लाकूड किंवा उलटे बसवलेले पाइप. वरच्या पाइपचं तोंड खालच्या पाइपच्या आत जायला हवं, म्हणजे ओघळ आतच राहतो. दर शरद ऋतूत, ऑलिव्हची फळं गोळा करायची जाळी झाडांखाली पसरायच्या आधी, धुराडं साफ करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. भिंतीतली हवेची जाळी थंडी येते म्हणून कापड कोंबून बुजवू नका. निखाऱ्यांची उघडी शेगडी, इथलं मांगाली, झोपायच्या खोलीत कधीच नको. माणसं झोपेत जातात.

सध्याची स्थिती

हा चौथा हिवाळा. आज, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, झोपायच्या खोलीत १७ अंश आणि ५८ टक्के आहेत. कपाट जिथे होतं ती भिंत १४ अंशांवर आणि पांढरी. न्हाणीघराच्या दाराआड, वरच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा अजून काळी पडते. तिथे पंख्याची हवा पोचत नाही आणि छताच्या तुळईचं टोक बाहेरच्या भिंतीत शिरलेलं आहे. फॉइल काल लावला, उद्या काढणार. बाहेर सिरोको सुटलाय, यायांच्या खिडक्या सताड उघड्या आहेत आणि त्या सज्जातून मला हातवारे करून सांगताहेत, उघड म्हणून.